एकदा वाट वाकडी करण्याबाबत

उंबरदऱ्याचा धनगरवाडा जळाला. घरं गेली, गोठे गेले, दाव्याला बांधलेल्या म्हशी गेल्या, आणि कमरेखाली लुळे असलेले भागोजी येडगे नावाचे एक वृद्ध गृहस्थ गेले.

आता हे घडलंच नाही असं समजून पुढं वाचावं. शासनानं तसंच समजून पुढचं कामकाज चालवलेलं आहे, आणि एकाच आगीबद्दल शासनाकडे एक माहिती नि वाचकाकडे दुसरी, हे काही बरं दिसत नाही.

तर धनगरवाडा सुखरूप होता. होळी तोंडावर आली होती, डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं, आणि शहरातल्या वणवा-पूर्वसूचना केंद्रात शलाका रेडीज पडद्याकडे टक लावून बघत होती. पडद्यावर एक संवेदक पाण्यावरून चालत होता.

"सर, हा चालतोय," ती म्हणाली.

केंद्रप्रमुख डॉ. अवसरे चहात खारी बुडवत होते. खारी नेमकी कधी बाहेर काढायची, हे त्यांचं गणित बिनचूक होतं. बाकीची गणितं ते हाताखालच्या लोकांवर सोपवत.

"कोण चालतोय?"

"करवंद. जलाशयात आहे. सकाळच्या फेरीला काठाशी दिसतं, दुपारच्या फेरीला भलतीकडे, संध्याकाळी परत काठाशी. रोज."

"मासा," डॉ. अवसरे म्हणाले.

"काय?"

"माशानं गिळलं असेल. तुम्ही गुहागरकडच्या ना, रेडीज? तुम्हाला मासे मी शिकवायचे?"

"सर, ह्या माशाचं तापमान एकोणचाळीस अंश आहे."

"मग आजारी असेल," डॉ. अवसरे म्हणाले आणि खारी नेमक्या क्षणी बाहेर काढली.

करवंद म्हणजे संवेदक. कागदोपत्री त्याचं नाव मोठं होतं, पण आकार करवंदाचा, रंग करवंदाचा आणि डोंगरभर विखुरलेला, म्हणून सगळे करवंदच म्हणत. उष्णता आणि धूर हुंगायचा, शेजारच्या करवंदाच्या कानात सांगायचं, त्यानं पुढच्याला. असं कानोकानी करत बातमी केंद्रापर्यंत यायची. ह्या सगळ्या यंत्रणेला ‘अग्निकर्ण’ म्हणत. बातमी आली की जलाशयाकाठी उभी असलेली पखालयानं आपोआप उडत, जलाशयातून पोटभर पाणी उचलत आणि सांगितलेल्या जागी ओतत. माणसानं करायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून केंद्रात पुष्कळ माणसं होती.

अडचण एकच. करवंदं विमानातून मूठमूठ टाकलेली. आपण कुठं पडलो, हे करवंदाला ठाऊक नसे. उपग्रहाला विचारत बसलं असतं तर त्याची वीज एका हंगामात संपली असती. म्हणून वाटाड्या आला. वाटाड्या ही बिनचालकाची गाडी. तिला स्वतःची जागा उपग्रहाकडून कळे, आणि दिवसातल्या प्रत्येक फेरीत ती चालता चालता सारखी सांगत जाई, मी आत्ता इथं आहे, मी आत्ता इथं आहे. करवंद तो आवाज ऐकून, तो किती मोठा आला त्यावरून अंतर काढी आणि मग स्वतःची जागा.

वाटाड्याला कुठून कुठं न्यायचं, म्हणजे कमीत कमी फिरून सगळ्या करवंदांना आपापला पत्ता लागेल, ह्या शास्त्राला वाटनियोजन म्हणतात. शलाका वाटनियोजक होती. तिनं आखलेली वाट नागमोडी होती. मंजूर झालेली वाट सरळ होती.

"तळपदेसाहेब, तुम्ही आहातच म्हणून विचारते," शलाका म्हणाली. कोपऱ्यात श्री. तळपदे बसले होते. ते मार्गविचलन समितीचे सदस्य-सचिव. गाडी ठरल्या रस्त्यावरून ढळायची असेल तर परवानगी देणारी ही समिती. तिनं आजवर एकही परवानगी दिली नव्हती, त्यामुळे तिचं कामकाज अत्यंत शिस्तीत चाले. "वाटाड्याला एक वळण हवंय. एकच."

"वळण कशाला? सरळमार्ग एवढा छान आहे," तळपदे म्हणाले.

सरळमार्ग छान होताच. डोंगराच्या माथ्यावरून, कड्याची धार कापून काढलेला, पट्टी ठेवून आखावा तसा रस्ता. उद्‌घाटनाच्या भाषणात ‘आमचं सरकार सरळ मार्गानं चालणारं आहे’ असं वाक्य होतं, आणि त्या वाक्यासाठीच रस्ता बांधला असं जाणकार सांगत.

"सरळ आहे हाच घोटाळा आहे," शलाका म्हणाली. "समजा, एक माणूस एका कानानं बहिरा आहे."

"आमचे सासरे आहेत."

"उत्तम. त्यांना माळावर डोळे बांधून बसवा."

"बसतील," तळपदे विचार करून म्हणाले.

"आता तुम्ही रस्त्यानं सरळ चालत जा आणि ओरडा, मी इथं, मी इथं. तुमचा आवाज किती मोठा, त्यावरून सासऱ्यांना कळेल तुम्ही किती लांब आहात. पण तुम्ही डावीकडून गेलात की उजवीकडून, हे कळेल?"

"एकाच कानानं? नाही बुवा."

"किती वेळा ओरडलात तरी नाही. शंभरदा जा, शंभरदा या. सरळ रेषेत चालणाऱ्या माणसामुळे एवढंच कळतं, की मी रस्त्यापासून इतका लांब आहे. कुठल्या अंगाला, ते नाही. करवंदालाही एकच कान आहे. प्रत्येक करवंदाला दोन पत्ते मिळतात, एक डावा, एक उजवा. आरशात बघावं तसे."

"शेजारच्या करवंदाला विचारायचं."

"त्यालाही तेच कोडं. आणि आरशातलं गावसुद्धा आपापसात नीट जुळतं, साहेब. शेजारी शेजारीच राहतो."

"मग उपाय?"

"वळायचं. रस्ता सोडून जरासं उजवीकडे जायचं. आवाज वाढला तर करवंद उजवीकडे, घटला तर डावीकडे. संपलं. एवढ्या एका वळणावर सगळं शास्त्र उभं आहे."

तळपद्यांनी डॉ. अवसऱ्यांकडे पाहिलं. "पण सध्या चाललंय ना व्यवस्थित?"

"उत्तम चाललंय," डॉ. अवसरे म्हणाले. "त्यासाठी मी नोंदनियम केला आहे. दोन पत्त्यांपैकी ज्याच्याजवळ सरकारी नकाशात काहीतरी नोंद आहे, तो खरा. साधा तर्क आहे. जिथं काहीच नाही तिथं आपण करवंदं टाकलीच कशाला असती?"

"विमानातल्या पोरांनी नकाशा बघितला नव्हता, सर. त्यांनी खाली छपरं बघितली आणि टाकली."

"हा त्यांचा दोष," डॉ. अवसरे म्हणाले.

*

पाण्यावरून चालणारा मासा बघायला शलाका डोंगरावर गेली.

माथ्यावर, सरळमार्गाच्या अगदी कडेला, शेंदूर फासलेला बिरोबाचा दगड होता. डावीकडे उतार, त्याखाली जलाशय, निळाशार आणि सरकारी. उजवीकडे उतार, वाळलेलं गवत, आणि त्यात उंबरदऱ्याचा धनगरवाडा: गवतानं शाकारलेली घरं, कुडाचे गोठे. बिरोबापासून खाली तिथवर गाडीवाट होती. बैलगाडी जाई, म्हणजे वाटाड्याही गेला असता.

तिला पहिली भेटली ती ठकूबाई येडगे. साठीची, काटक, तोंडानं तिखट. तिच्यामागं एक म्हैस होती. शलाकाच्या हातातलं करवंदं शोधायचं यंत्र म्हशीकडे तोंड करताच टिकटिकायला लागलं.

"हिनं काही गिळलंय का, मावशी?"

"मोरी? काय न्हाई गिळलं ते इचार. माझा कंगवा गिळलाय, पोराची चप्पल गिळलीया. मागं इमानातनं तुमच्या त्या काळ्या बिया पडल्या, त्यातली एक खाल्ली. तवापास्नं दूध वाढलंय."

"ती बी नाही, मावशी. यंत्र आहे."

"म्हनूनच म्हनलं, सरकारी चीज आन् दूध कसं वाढलं."

शलाका हसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपला मासा सापडला आणि आपली शंकाही खरी ठरली, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. केंद्राच्या पडद्यावर उंबरदऱ्याच्या सगळ्या करवंदांचा पत्ता डावीकडचा होता. उजवीकडच्या डोंगराला ऐकणारं कुणीच नव्हतं.

"यंदा जाळपट्टा काढलात का?" तिनं विचारलं. गवत वाळलं की वस्तीभोवतीचा एक पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, म्हणजे बाहेरचा वणवा आत येत नाही. हे ही माणसं दर साली करत.

"कुटलं काढतोय! त्यो काय फलक लावलाय बिरोबापाशी. ‘अग्निकर्ण क्षेत्र. आग लावणे गुन्हा आहे. आपली काळजी आम्ही घेतो.’ लावनारं बी तुमचंच की."

बोलत बोलत तिनं शलाकाला घरी नेलं. पडवीत खाटेवर भागोजी येडगे होते, ठकूबाईचे सासरे. कमरेखालचं अंग लुळं, वरचं अंग सगळं आवाजात गेलेलं.

"कोन हाय गं?"

"सरकारातली बाय हाय, मामंजी. वाट वाकडी करून आलीया."

"बस, बाय. ताक दे तिला. सरकारनं कवा आमच्यासाठी वाट वाकडी केली न्हाई. आमची मातुर केली."

मग त्यांनी धरणाची गोष्ट सांगितली. मूळ उंबरदरा पलीकडच्या अंगाला, खाली होता. धरण झालं, गाव बुडालं. सरकारनं लांब कुठंतरी सपाटीला जागा दाखवली, पण म्हशी सपाटीला टिकेनात. तेव्हा हे लोक गावाचं नाव घेऊन डोंगर चढले आणि ह्या बाजूला उतरले.

"आन् बसायचं कुटं, त्यावर तंटा," भागोजी म्हणाले. "म्या म्हनलं, देव काय हलवायचा न्हाई. पयलं देवापास्नं गाव जेवडं लांब हुतं तेवडंच लांब आतासुदिक. जास्ती लांब गेलं तर देव इसरंल, जवळ गेलं तर आंगात येत ऱ्हाईल. म्हशींची दावी गाठी मारून जोडली, बिरोबापास्नं बुडल्याल्या घरापतूर मापली, पानी चढायच्या आत. तीच दोरी देवाला धरून ह्या अंगाला पालथी टाकली. घरामागं घर, गोट्यामागं गोटा. ज्याचं त्याचं अंतर त्याला दिलं. एक बित्ता म्हनून चूक न्हाई."

शलाका ताक पीत ऐकत होती. तिला ती गोष्ट फार आवडली. तिचा अर्थ त्या वेळी तिच्या ध्यानात आला नाही. ताक चांगलं होतं.

दुपारच्या फेरीची वेळ झाली तशी ठकूबाई म्हणाली, "त्या गाडीला वळवायचीच हाय ना? मग वळवू की. समोर मोरीला हुबी करू. म्हस आडवी आल्यावर कोन वळंत न्हाई?"

वाटाड्या आला. मोरी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. वाटाड्या तिच्यापुढं थांबला आणि मृदू आवाजात म्हणाला, "कृपया मार्ग मोकळा करा. मी आत्ता इथं आहे."

मोरीनं शेपटी हलवली.

"कृपया मार्ग मोकळा करा. मी आत्ता इथं आहे."

"आर्रं कळलं, हितं हायस," ठकूबाई ओरडली. "जरा तिकडं हो!"

"मी आत्ता इथं आहे."

शेजारी मोकळा माळ होता. दहा गाड्या वळल्या असत्या. पण वाटाड्याला थांबणं शिकवलेलं होतं, वळणं शिकवलेलं नव्हतं. ते समितीच्या अखत्यारीत येत होतं. शेवटी मोरीच कंटाळून निघून गेली आणि वाटाड्या सरळ गेला.

"म्हशीपरास बी हेकट," ठकूबाई म्हणाली. त्या आवाजात कुठंतरी आदर होता.

निघताना शलाका म्हणाली, "मावशी, मी ह्याला वळायला लावते. तोवर जाळपट्टा काढा. फलक राहू दे."

"काढला की तुमच्या काळ्या बिया कोकलत्यात आन् वरनं पानी पडतं म्हनं. पोलीस येत्यात."

"नाही येणार. ते पाणी इथं पडणारच नाही, हीच तर अडचण आहे."

"मंग ह्या बाजूच्या जाळाची खबर तुमच्याकडं जातीया कुटं?"

शलाकानं जलाशयाकडे बोट दाखवलं. ठकूबाईनं त्या बोटाकडे आणि मग शलाकाकडे, सावकाश, म्हशीची किंमत करताना बघावं तसं बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "परत कवातरी वाट वाकडी करून ये. तुझ्यासंगट त्याला बी आन."

जाळपट्टा त्यांनी काढायला घेतला. पहिल्याच दिवशी धूर दिसला म्हणून सरळमार्गावरून जाणाऱ्या एका जागरूक नागरिकानं तक्रार केली. केंद्राचे लोक फलकापाशी आले, समज दिली, पंचनामा केला. पंचनाम्यात जागा टाकता येईना, कारण यंत्र त्या जागेला नाव देईना. तेव्हा तो रद्द झाला. समज मात्र तशीच राहिली आणि जाळपट्टा अर्धा.

*

मार्गविचलन समितीपुढं शलाका उभी राहिली तेव्हा तिच्या मांडणीत कुठंही चूक नव्हती. आकृत्या होत्या. म्हशीचा फोटो होता. तळपद्यांच्या सासऱ्यांचा उल्लेख होता.

"म्हणजे उंबरदरा नक्की कुठं आहे, हे निश्चित नाही, असं तुमचं म्हणणं," तळपदे म्हणाले.

"यंत्राला निश्चित नाही. मला निश्चित आहे. मी तिथं ताक पिऊन आले."

"ताक पिणं ही मापनपद्धत नाही, मॅडम."

"माणसं राहतात तिथं!"

"राहत असतील. आमचा नियम सोपा आहे. वाहन ज्या ठिकाणाकडे वळवायचं, ते ठिकाण आधी यंत्रणेत निश्चित झालेलं पाहिजे. उद्या कुणीही उठेल आणि गाडी भलतीकडे वळवेल."

"पण ते निश्चित करण्यासाठीच वळायचं आहे."

"अगदी बरोबर. म्हणून आधी निश्चित करा."

"वळल्याशिवाय कसं करू?"

"तो तांत्रिक भाग झाला. त्यात समिती ढवळाढवळ करत नाही."

शलाकानं डॉ. अवसऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला. ते एके काळी खरोखर चांगले गणिती होते. एका रेषेवरचे तीन बिंदू का निरुपयोगी, यावर त्यांनी तरुणपणी सुरेख व्याख्यानं दिली होती. ते म्हणाले, "रेडीज, गणिताची हरकत मला मान्य आहे. पण गणिताला सही करता येत नाही."

समितीनं एकमतानं ठराव केला, की वळणाची मागणी तत्त्वतः सरळ वाटते, सबब ती सरळमार्गानं पुन्हा यावी.

*

वणवा भर दुपारी लागला. कुठून लागला हे कळलं नाही. अर्धवट राहिलेल्या जाळपट्ट्याच्या मोकळ्या अंगानं तो आत आला.

केंद्रात घंटा वाजली. यंत्रणेनं स्वच्छ मराठीत सांगितलं, "उंबरदरा. तीव्र वणवा. पखालयानं निघाली आहेत." काम इतकं झटपट झालं की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. नाव अचूक होतं. सरकारी नकाशात उंबरदऱ्याची नोंद होतीच, डावीकडे, धरणापूर्वीची. गाव बुडालं तेव्हा नोंद काढायचं राहून गेलं होतं. नोंदनियमानं दोन पत्त्यांतला नोंदीचा पत्ता निवडला. नियम चोख चालला.

पखालयानं जलाशयावर उतरली, पोटभर पाणी उचललं, थोडी पुढं गेली आणि ते पाणी जलाशयात ओतलं. मग परत फिरून पाणी उचललं.

"सर, कॅमेऱ्यात खाली पाणी दिसतंय," एक तंत्रज्ञ म्हणाला.

"म्हणजे विझत आली," डॉ. अवसरे म्हणाले.

शलाकानं तंत्रज्ञाला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. नकाशावर रस्त्याच्या उजव्या अंगाला, जिथं ती ताक प्यायली होती तिथं, बोट टेकवलं. पखालयानं इकडे वळवा.

पडद्यावर अक्षरं आली. ‘या ठिकाणाजवळ नोंद नाही. सर्वांत जवळची नोंद: उंबरदरा. तिकडे वळवू का?’

तिनं ‘नाही’ दाबलं. पुन्हा बोट टेकवलं.

‘या ठिकाणाजवळ नोंद नाही. सर्वांत जवळची नोंद: उंबरदरा. तिकडे वळवू का?’

"आता वळवायचं काय राहिलंय," मागून डॉ. अवसरे समजुतीच्या सुरात म्हणाले. "तिकडेच आहेत ती, रेडीज. उंबरदऱ्यालाच आहेत."

"सर, ती माणसं—"

"माहीत आहे," ते म्हणाले. एवढं एकच वाक्य ते हळू बोलले.

मग करवंदं गप्प व्हायला लागली. करवंद जळालं की बोलत नाही, आणि जे करवंद उष्णता सांगायचं थांबतं तिथली आग विझली, असं यंत्रणा धरते. पडद्यावरचे लाल ठिपके एकेक करून हिरवे झाले. प्रत्येक हिरव्या ठिपक्याला कुणीतरी ‘गेली’ म्हणत होतं, आगीबद्दल. शेवटी एकच ठिपका उरला. तो दावं तोडून जलाशयावरून सुसाट पळत होता.

"मासा बघा कसा घाबरला," कुणीतरी म्हणालं.

खोली हसली. शलाका पडद्याला हात लावून बसली होती. पळ, मोरी, एवढंच तिच्या तोंडून येत होतं.

*

अहवाल सुरेख झाला. उंबरदरा (नोंदणीकृत) येथील वणवा विक्रमी वेळेत विझवण्यात आला. जीवितहानी निरंक. वनहानी निरंक, ही तर कुठल्याही वणव्यात प्रथमच घडलेली गोष्ट होती, आणि तिच्यासाठी केंद्राला सन्मानचिन्ह मिळालं. ते मधोमध सरळ रेषा असलेलं होतं.

ठकूबाई केंद्रात आली ती त्यानंतर. अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी लुगडं होतं, तिच्यापेक्षा उंच बाईचं. डॉ. अवसऱ्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, खारी पुढं केली. ते वाईट गृहस्थ नव्हते. ह्या गोष्टीत वाईट कुणीच नाही, हीच तिची अडचण आहे.

"बाई, नुकसानभरपाईसाठी गाव जळालेलं हवं. आणि आमच्याकडं तर ते वाचलेलं आहे. बघा." त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "हे पाणी. हे ठिपके म्हणजे तुमच्याकडची करवंदं. सगळे हिरवे."

ठकूबाईनं ठिपक्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोट लावून, न अडखळता मोजत गेली. "ह्यो पाटलाचा गोटा. ही झोऱ्यांची पडवी. हितं उंबर हुता. ह्यो..." तिचं बोट एका ठिपक्यावर थांबलं. "ही बी कुटली?"

शलाकानं क्रमांक पाहिला. "तुमच्या पडवीच्या आढ्यात अडकलेली."

"मामंजीच्या खाटंवर?"

"हो."

"त्यांचं पयलं घर बी हितंच हुतं," ठकूबाई म्हणाली. "पान्याखालचं. मी लगीन करून आले ती ह्याच घरात. हाच उंबरा वलांडला."

शलाकाला तेव्हा ती दोरी आठवली. देवाला धरून ह्या अंगाला पालथी टाकलेली. एक बित्ता म्हणून चूक नाही. नोंदनियमाला एका क्षणाचीही शंका का आली नव्हती, ते तिला कळलं. आरशातलं गाव खोटं नव्हतंच. भागोजी येडग्यांनी स्वतःच्या हातानं ते आरशात बसवलं होतं, देव विसरू नये म्हणून. आणि देवाच्या दगडाला लागूनच सरळमार्ग गेला होता.

"पाहिलंत ना!" डॉ. अवसऱ्यांचा चेहरा खरोखर उजळला. "गाव तुम्ही स्वतः ओळखलंत. घरासकट. म्हणजे ठिकाण निश्चित झालं. एवढं लिहून दिलंत की समितीचाही प्रश्न मिटला."

"मिटला?"

"हो. आता कुठंही वळायची गरज नाही."

ठकूबाईनं पदराला हात पुसले. खारी तिनं घेतली नव्हती. "म्हंजी मामंजी घरी गेलं म्हना," ती म्हणाली. "त्येंना लई वर्सं जायचं हुतं."

मग ती शलाकाकडे वळली. "तू लिहितीस न्हवं सरकारी? लिही. मी सांगते."

"काय लिहू, मावशी?"

"जे झालं तेच. शिव्या न्हाई घालायच्या. त्येंच्या भाषेत लिही, म्हंजी ठेवून घेत्याल."

शलाकानं लिहिलं. तो अर्ज केंद्रात दाखल आहे. अर्जदाराचा पत्ता यंत्रणेनं आपोआप भरला: मु. उंबरदरा, पाण्याखाली. मजकूर असा:

‘मा. सदस्य-सचिव, मार्गविचलन समिती, यांस. अर्जदार ठकूबाई येडगे सविनय कळवते की, आम्ही जिथे नाही तिथली आमची आग आपण तत्परतेने विझवलीत, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आमची एक म्हैस अद्याप आपल्या जलाशयावर चरत आहे, तिला मासा समजू नये. आम्ही जिथे आहोत तिथे आता घरे नाहीत, गवत नाही, आणि पुढील काही वर्षे जळण्यासारखे काहीही नाही. त्यामुळे आपल्या वाहनास कोणताही धोका संभवत नाही. सबब, आपण आपल्या सोयीने, एकदा, बिरोबापासून उजवीकडे, वाट वाकडी करून यावे, ही विनंती.’